तंजावरची मराठी आडनावे आणि उच्चाराचा प्रश्न

परभाषिक प्रदेशात वस्ती करून राहिलेल्या समाजाची भाषा हळूहळू बदलते, पोशाख बदलतो, स्वयंपाकघरातील पदार्थही बदलतात. या साऱ्या बदलांत आडनाव तेवढे जसेच्या तसे टिकून राहते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. तंजावरच्या मराठी समाजाचा इतिहास पाहता ही समजूत फारशी टिकत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजी राजांनी तंजावर येथे भोसले कुलाची सत्ता स्थापन केली आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निपुत्रिक वारल्यानंतर ती संपुष्टात आली. या सुमारे पावणेदोनशे वर्षांत आणि त्यानंतरच्या काळात मराठी नावे व आडनावे तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि इंग्रजी अशा चार भाषांच्या तोंडून गेली. तेथून ती ज्या रूपांत बाहेर पडली, त्या रूपांकडे महाराष्ट्रातील अभ्यासक बहुधा ‘अपभ्रष्ट’ म्हणून पाहतात आणि भेटीत ती दुरुस्तही करू लागतात. हा दृष्टिकोन तपासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या उच्चारभेदाची कारणे पाहू. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चार ध्वनींसाठी एकच अक्षर आहे. तीच गोष्ट ट-वर्गाची, त-वर्गाची आणि प-वर्गाची. हे त्या लिपीचे वैगुण्य म्हणता येणार नाही. तमिळ भाषेत महाप्राण नाहीत, आणि अघोष व घोष यांतील भेद बहुतांशी ध्वनीच्या स्थानावरून आपोआप ठरतो. शब्दाच्या आरंभी तेच अक्षर ‘प’ असे वाचले जाते, अनुनासिकानंतर किंवा दोन स्वरांच्या मध्ये ‘ब’च्या जवळ जाते, आणि द्वित्त झाल्यास पुन्हा अघोष होते. ज्या भाषेत हा भेद अर्थाला बाध आणीत नाही, त्या भाषेने त्यासाठी वेगळी चिन्हे का बाळगावीत? संस्कृत व इतर परकीय शब्दांसाठी ज, ष, स, ह अशी काही ग्रंथ लिपीतील अक्षरे तमिळने स्वीकारली. परंतु भ, घ, ध, फ यांची सोय केली नाही.

आता या लिपीत मराठी आडनावे घालून पाहा. ‘घाटगे’ हे आडनाव तमिळ अक्षरांत लिहिले, की अपरिचित वाचक ते ‘काट्के’ असे वाचील. ‘मोहिते’चे ‘मोहिदे’ होईल, आणि ‘ह’साठी ग्रंथाक्षर न वापरता शुद्ध तमिळ अक्षर वापरले तर ‘मोगिदे’. ‘जाधव’चा ‘जादव’ होणे अटळच आहे. ‘भोसले’ या आडनावातील पहिले अक्षर शिकलेला मनुष्य ‘बो’ असे म्हणेल, न शिकलेला कदाचित ‘पो’ म्हणेल. ‘भो’ मात्र कोणाच्याही तोंडी सहजासहजी येणार नाही. शाळेच्या हजेरीपटावर असे नाव असलेल्या मुलाला रोज सकाळी आपले नाव नव्याने ऐकावे लागते, आणि ते आपलेच आहे हे समजून ‘हजर’ म्हणावे लागते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. पण रोज घडणाऱ्या या लहानशा गोष्टीचा परिणाम लहान नसतो. कित्येकदा तिच्यामुळे आडनावच गळून पडते.

आडनाव गळण्याचा हा प्रकार तंजावरकडील देशस्थ ब्राह्मण कुटुंबांत विशेष दिसतो. तमिळ प्रदेशातील रीत अशी, की व्यक्तीच्या नावापूर्वी वडिलांच्या नावाचे किंवा मूळ गावाचे आद्याक्षर लावावे. कुलवाचक आडनावाची तेथे अपेक्षाच नसते. या रीतीत मराठी कुटुंबे मिसळून गेली, आणि मराठीपणाची खूण म्हणून नावाच्या शेवटचा ‘राव’ एवढाच मागे राहिला. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सर टी. माधवराव. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे तंजावरी मराठी कुटुंबात झाला. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरीनंतर १८७५ ते १८८२ या काळात ते बडोद्याचे दिवाण होते. बडोद्याच्या दरबारात त्यांच्या अवतीभोवती आडनावांनी ओळखले जाणारे मराठी सरदार व कारभारी होते, आणि त्यांच्यामध्ये मातृभाषा मराठी असलेला हा दिवाण मात्र इंग्रजी आद्याक्षराने ओळखला जात होता. हे ‘टी’ म्हणजे ‘तंजोर’, अर्थात तंजावर. आडनावाच्या जागी गाव आले, तेही इंग्रजांनी केलेल्या उच्चारातून, आणि मराठी ग्रंथांतूनही ते तसेच रूढ झाले. ‘सर टी.’ हे रूप मराठी वाचकाच्या कानाला आज खटकतही नाही.

उच्चारभेदाने केवळ झीज होते असे नाही. कधी त्यातून नवा अर्थही निर्माण होतो. याचा उत्तम दाखला तंजावरच्या सर्वांत विद्याव्यासंगी राजाच्या नावातच आहे. मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या कृपेने पुत्रलाभ झाला म्हणून आपल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरा आहे. व्यंकोजी राजांनी आपल्या मुलांसाठी आजोबांच्या पिढीतील हीच जोडी पुन्हा योजिली. थोरला शहाजी, आणि त्याच्या पाठचा सरफोजी. ‘सरफोजी’ हे ‘शरीफजी’चेच बोलीतील रूप मानले जाते. आता हे ‘सरफोजी’ तमिळ लिपीत गेले, की ‘फ’च्या जागी प-वर्गाचे एकुलते एक अक्षर येते, ते दोन स्वरांमध्ये असल्याने वाचताना ‘ब’कडे झुकते, आणि ऐकू येते ‘सरबोजि’. संस्कृतज्ञ पंडिताच्या कानाला या ध्वनीत ‘शरभ’ हा शब्द ऐकू आला असल्यास नवल नाही. शरभ म्हणजे नरसिंहाला शांत करण्यासाठी शिवाने धारण केलेले रूप. कुंभकोणम्‌जवळच्या त्रिभुवनम् येथील देवालयात शरभेश्वराची उपासना प्रसिद्धच आहे. म्हणजे कावेरीकाठच्या लोकांना हा शब्द परका नव्हता. शरीफजीचा सरफोजी, सरफोजीचा शरभोजी, आणि शरभोजीचा शरभेंद्र अशी ही वाटचाल दिसते.

दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८ ते १८३२) हे रूप पूर्णपणे प्रतिष्ठित झालेले आढळते. शिवक्कोऴुंदु देशिकर यांच्या तमिळ कुरवंजीचे नाव ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ असे आहे. राजाच्या आश्रयाने तयार झालेल्या वैद्यकीय योगांचे तमिळ संग्रहही ‘शरभेंद्र’ या नावानेच प्रसिद्ध झाले आहेत. समुद्रकिनाऱ्यावर याच राजाने १८१४-१५ च्या सुमारास, नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ, एक बुरूजवजा इमारत बांधविली. ती ज्या गावात आहे त्याचे नाव शरभेंद्रराजपट्टिनम्, आणि त्या इमारतीला आजही तमिळ माणसे ‘मनोरा’ या आपल्या मराठी शब्दानेच ओळखतात. एका मुसलमान संताचे नाव मराठी तोंडातून तमिळ लिपीत, तेथून संस्कृत समासात आणि अखेर एका शैव दैवताच्या नावात विलीन झाले. याला नुसता ‘चुकीचा उच्चार’ म्हणून बाजूला सारणारा अभ्यासक एका संपूर्ण सांस्कृतिक घडामोडीकडे पाठ फिरवीत आहे, असेच म्हणावे लागेल.

शहाजी राजांच्या नावाचेही असेच झाले. श्रीधर वेंकटेश यांच्या संस्कृत काव्याचे नाव ‘शाहेंद्रविलास’. राजांनी पंडितांना अग्रहार म्हणून दिलेल्या तिरुविशनल्लूर गावाचे नाव शहाजिराजपुरम्. स्वतः या राजाने तेलुगूत व मराठीत नाट्यरचना केली, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर पाच भाषा एकत्र नांदविल्या. ज्याच्या दरबारात एकाच संध्याकाळी आपले नाव अनेक भाषांत अनेक प्रकारे उच्चारले जात असेल, त्याने त्यांतील एकच शुद्ध आणि बाकीचे अशुद्ध असे मानले असेल काय?

येथे महाराष्ट्रातील वाचक असा आक्षेप घेईल, की हे सर्व ऐतिहासिक कौतुक म्हणून ठीक आहे, पण ‘भोसले’ हे शुद्ध रूप आणि ‘भोन्सले’ हे अशुद्ध रूप, हे तर निर्विवाद आहे ना? या आक्षेपाचा विचार थोडा बारकाईने केला पाहिजे. तंजावरकडे हे आडनाव रोमन लिपीत ‘न’ घालून लिहिले जाते व तमिळमध्येही तो ‘न’ येतो. हा ‘न’ इंग्रजांनी किंवा तमिळांनी पदरचा घातलेला नाही. जुन्या मराठी लेखनात ‘भोंसले’ असे सानुस्वार रूप सर्रास होते. महाराष्ट्रात पुढे उच्चारातील नासिक्य लोपले, लेखनात तो अनुस्वार काही काळ उरला, आणि मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अशा अनुच्चारित अनुस्वारांना अधिकृतपणे निरोप दिला. म्हणजे जो ‘न’ पुण्याच्या अभ्यासकाला तंजावरात खुपतो, तो त्याच्याच पणजोबांच्या दप्तरातील अनुस्वार आहे. मूळ घराने टाकून दिलेली वस्तू दूरच्या घराने जपून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

आणखी एक पाऊल मागे जाऊ. ज्यांना आपण अस्सल मराठी आडनावे म्हणतो, ती तरी कशी घडली? जाधव हे यादवचे रूप, चव्हाण हे चाहमानचे, साळुंखे हे चालुक्यचे, शेलार हे शिलाहारचे आणि कदम हे कदंबचे, अशा व्युत्पत्ती सांगितल्या जातात. एखाद्या कडक वैयाकरणाने त्या त्या शतकात उभे राहून हजेरी घेतली असती, तर यांपैकी प्रत्येक उच्चारावर त्याने लाल रेघ ओढली असती. आजचे शुद्ध म्हणजे कालचे रुळलेले अशुद्ध, हे भाषाशास्त्रातील साधे सत्य आडनावांनाही लागू आहे. शिवाय आपली देवनागरी तरी आडनावाचे पूर्ण रक्षण करते काय? ‘जाधव’ यातील ‘ज’ मराठी माणूस दंततालव्य उच्चारतो, ‘जाणे’ किंवा ‘जावई’ यांतल्यासारखा. देवनागरीत त्याची खूण नाही. त्यामुळे तीच लिपी वाचणारा हिंदीभाषिक तो ‘ज’ तालव्य करतो, आणि त्याला आपली चूक कळण्याचा काही मार्गही नसतो. तंजावरचे जुने मराठी कागद ज्या मोडीत आहेत, ती तर ऱ्हस्वदीर्घाचा भेदही राखीत नाही. लिपी कोणतीही असो, नाव तिच्यात पूर्णपणे मावत नाही. उरलेला भाग नाव धारण करणाऱ्याच्या तोंडातच राहतो.

आपणही इतरांच्या नावांशी कसे वागलो, हे पाहिल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. बखरींत आणि जुन्या पत्रांत तंजावरचा उल्लेख ‘चंदावर’ असा येतो आणि जिंजीचा ‘चंदी’ असा. ज्या भाषेच्या प्रदेशात आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, त्या भाषेचे नाव आपण आजही ‘तमिळ’ असे लिहितो व बोलतो; वस्तुतः तिच्या नावातील अंत्य ध्वनी आपल्या ‘ळ’हून वेगळा आहे. त्याच्यासाठी ‘ऴ’ हे चिन्ह परिवर्धित देवनागरीत उपलब्ध असूनही मराठी छपाईत ते क्वचितच दिसते. चोऴ राजांना आपण ‘चोळ’ केले. ज्या बृहदीश्वराच्या प्राकारात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरविला, ते देवालय याच ‘चोळ’ राजांचे. तेव्हा आमचे ‘भो’ तुम्हांला का म्हणता येत नाही, असे विचारण्यापूर्वी तुमचा ‘ऴ’ आम्हांला किती म्हणता येतो, हेही विचारणे न्यायाचे होईल.

मग कोणीही कोणाचेही नाव कसेही उच्चारावे, असा याचा निष्कर्ष काढायचा काय? मुळीच नाही. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. नाव धारण करणाऱ्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या वापरून जे रूप आपलेसे केले, ते एक. आणि ऐकणाऱ्याने आळसाने, उपेक्षेने किंवा अधिकाराच्या तोऱ्यात जे रूप त्याच्यावर लादले, ते दुसरे. पहिले रूप मुळापासून कितीही दूर गेले तरी ते शुद्धच आहे, कारण त्याला धन्याची संमती आहे. दुसरे रूप मुळाच्या कितीही जवळ असले तरी ते अनादराचेच आहे. तंजावरचा एखादा गृहस्थ आपले आडनाव ‘बोन्सले’ असे सांगत असेल, आणि महाराष्ट्रातून आलेला विद्वान त्याला ‘भोसले म्हणा’ असे शिकवीत असेल, तर अनादराच्या बाजूला तो विद्वान उभा आहे. हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण त्याला वाटते आपण नाव दुरुस्त करीत आहोत. प्रत्यक्षात तो त्या माणसाला सांगत असतो, की तुझ्या घराण्याची दक्षिणेतील तीनशे वर्षे ही एक दीर्घ चूक होती. तंजावरी मराठी बोलीविषयी आपण असाच सूर लावतो, आणि मग ती बोली घरातूनही नाहीशी होत चालली म्हणून हळहळतो. जी भाषा बोलली की आपलेच लोक दुरुस्त करतात, ती मुलांना कोण शिकवील?

उलट बाजूनेही एक अपेक्षा ठेवणे गैर नाही. ज्याला आपले नाव महाप्राणासह हवे आहे, त्याच्यासाठी शेजाऱ्याने प्रयत्न करावा. जीभ वळत नसेल तर दोष नाही. पण एकदा विचारून, दोनदा म्हणून पाहण्यात जो आदर आहे तो अचूक उच्चारापेक्षा मोलाचा असतो. नाव चुकल्याचे दुःख माणसाला फारसे होत नाही. ते कसे म्हणायचे हे कोणी कधी विचारलेच नाही, याचे मात्र होते.

प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता तर या पृष्ठांवर तो मांडण्याचे कारण नव्हते. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला त्याची दुसरी बाजू रोजच भेडसावते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील सामग्री संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी अशा अनेक भाषांत विखुरलेली आहे. तीत आणि तिच्याविषयीच्या लेखनात एकच राजा सरफोजी, शरभोजी, शरभेंद्र आणि इंग्रजीतील ‘सेर्फोजी’ अशा निरनिराळ्या नावांनी भेटतो. तुळजाजी राजांचे नाव संस्कृतात ‘तुलज’ होते. तमिळमध्ये ‘ज’ऐवजी च-वर्गाचे अक्षर योजिले तर ते ‘तुळसा’ असे वाचले जाते, आणि अनभिज्ञ वाचकाचे मन तुळजापूरच्या भवानीकडे न जाता तुळशीकडे जाते. केवळ मराठी जाणणारा अभ्यासक ‘शरभेंद्र’ या नावाखाली शोध घेत नाही. केवळ तमिळ जाणणाऱ्याला ‘शरीफजी’शी त्याचा संबंध ठाऊक नसतो. परिणामी एकाच दरबारातील साहित्य चार स्वतंत्र इतिहासांत वाटले जाते, आणि ते एकमेकांच्या शेजारी बसून रचले गेले होते, ही मूळ गोष्टच हरवते. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदपत्रांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध करून या भिंतीला एक मोठे दार पाडले आहे. परंतु त्या दारातून जा-ये करायची तर नावांच्या किल्ल्या दोन्ही बाजूंना हव्यात.

म्हणून काही व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. सूचीकारांनी व्यक्तिनामाचे कोणतेही एक रूप मुख्य मानावे, परंतु इतर सर्व रूपे त्या त्या लिपीत नोंदवून परस्परांशी जोडावीत, आणि त्यांतील एकालाही ‘अशुद्ध’ असा शेरा मारू नये. तंजावरच्या व्यक्तींविषयी मराठीत लिहिताना त्यांनी स्वतः वापरलेले रूप आधी द्यावे, महाराष्ट्रातील समांतर रूप हवे असल्यास नंतर सांगावे. तमिळ नावे देवनागरीत लिहिताना ‘ऴ’ या चिन्हाचा उपयोग करण्याचा संकोच सोडावा. मुद्रकांची जुनी अडचण आता उरलेली नाही. आणि क्षेत्रकार्यासाठी तंजावर, कुंभकोणम् या बाजूला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्रश्नावलीत ‘नाव’ या रकान्याशेजारी ‘आपण ते कसे उच्चारता’ असा आणखी एक रकाना ठेवावा. बोलीच्या अभ्यासासाठी त्याहून स्वस्त आणि विश्वासार्ह सामग्री दुसरी मिळणार नाही.

महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या, वाढलेल्या मराठीला आपण बराच काळ दूरच्या नातेवाइकाप्रमाणे वागविले. भेटीत कौतुक करायचे आणि पाठ फिरली की तिच्या हेलाची नक्कल करायची. तंजावरची आडनावे आज ज्या रूपांत उच्चारली जातात त्या रूपांत कावेरीकाठचा तीनशे वर्षांचा शेजार साठलेला आहे. ती पुण्याच्या मापाने मोजून कापीत बसण्यापेक्षा जशी सांगितली जातील तशी लिहून घेणे, हे अभ्यासकाचे पहिले काम होय.